मोहल्ला कमिटीचं गाव: भिवंडी, १९८४ ते आज

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं मेली. हा त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. त्याच दोन महिन्यांत, ठाणे ओलांडलं की लागणाऱ्या भिवंडीत दंगल झाली नाही. आज हे वाक्य कुणीही वाचून सहज पुढे जाईल. पण त्या काळी ठाणे जिल्ह्यात कुणालाही विचारलं असतं की बाबरी पडल्यावर पहिलं गाव कुठलं पेटेल, तर त्याने डोळे झाकून भिवंडीचं नाव घेतलं असतं. १९७० ला भिवंडी पेटली होती, १९८४ ला पेटली होती, आणि दोन्ही वेळा आग गावापुरती राहिली नव्हती.

सलोख्याची चर्चा निघाली की भिवंडीचा दाखला हमखास येतो, आणि बहुतेक वेळा अर्धाच येतो: एक चांगला पोलीस अधिकारी आला, त्याने मोहल्ला कमिट्या काढल्या, दंगल झाली नाही. उरलेली अर्धी गोष्ट गावाची आहे. ज्या गावासाठी त्या कमिट्या काढल्या, ते गाव पुढच्या तीस वर्षांत जवळजवळ दुसरंच झालं. नावं तीच, नाके तेच, पण कोण कुठे राहतं, कशावर जगतं आणि रात्री कुणाच्या ओळखीवर विसंबतं, हे सगळं बदललं. म्हणून हे प्रकरण १९९३ ला थांबवून चालत नाही.

मागांचं गाव

कामवारी नदीच्या आणि खाडीच्या काठचं हे जुनं बंदर. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली तेव्हाही ती नावाजलेली बाजारपेठ होती. गावात कोकणी मुसलमानांची जुनी घरं, ब्राह्मण आळी, बाजारपेठ. भोवती आगरी आणि कोळ्यांची भातशेतीची गावं. १८५७ नंतरच्या पडझडीत उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर खाली उतरले. काही मालेगावला थांबले, काही बुऱ्हाणपूरला, काही भिवंडीला. तेलंगणातले पद्मशाली विणकरही आले. पद्मानगर आणि कामतघर भागात आजही तेलुगू पाट्या दिसतात. १९३० च्या दशकात हातमागाच्या जागी विजेवरचे माग यायला लागले आणि गावाचा आवाज बदलला.

खरी वाढ झाली ती मुंबईच्या गिरण्यांच्या जिवावर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंचसं विणकाम कायमचं यंत्रमागांकडे गेलं. शिवाय कायद्यातली एक पळवाट मालकांना चांगली ठाऊक होती. वीज वापरून दहापेक्षा कमी माणसं कामाला असली की तेव्हा कारखाना कायदा लागू होत नसे. मग एकाच पत्र्याखालचे माग चार नावांवर नोंदवायचे: एक भावाच्या, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. गल्लीबोळांत उभे राहिलेले हे कारखाने कागदावर कधी कारखाने नव्हतेच.

आत शिरलं की बोलणं ऐकू येत नाही. बीमवर ताणा चढलेला, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय, कापसाची धूळ ट्यूबलाइटच्या उजेडात तरंगतेय. कारागीर एका वेळी कितीतरी मागांवर नजर ठेवतो, धागा तुटला की धावतो, गाठ मारतो, पुढच्या मागावर जातो. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच खोलीत, बऱ्याचदा त्याच अंथरुणावर आडवा होतो. जेवण बिस्सीत, म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या घरगुती खानावळीत. आपापल्या मुलखाची, आपापल्या चवीची बिस्सी. भिवंडीत कोण कुठला आहे हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

धंद्याची साखळी पाहिली तर या गावात भांडायला जागाच नको. सूत गुजराती किंवा मारवाडी पेढीवरून येतं. माग मोमीन मालकाचा, पद्मशाली मालकाचा, क्वचित आगरी मालकाचा. विणणारा आझमगढचा नाहीतर करीमनगरचा. विणलेलं ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेलं, कापड परत व्यापाऱ्याकडे आणि तिथून प्रोसेसिंगला. एकाचा माल अडला तर चौघांचे पैसे अडतात. ‘पोटाने बांधलेली माणसं एकमेकांची घरं जाळत नाहीत’ असं आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. भिवंडीने तो विश्वास दोनदा खोटा ठरवला.

१९७० आणि १९८४

७ मे १९७० ला तिथीने शिवजयंती होती. मिरवणुकीत दगडफेक झाली आणि त्यातून भिवंडीत दंगल उसळली. लगोलग जळगाव आणि महाड. सरकारने न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने पोलिसांच्या वागण्यावर, विशेषतः त्यांच्या पक्षपातावर, कडक ताशेरे ओढले. दंगल त्या संध्याकाळी अचानक झाली नव्हती, हेही त्या चौकशीतून दिसतं. आधीची काही वर्षं गावात दोन्ही बाजूंनी संघटना उभ्या राहत होत्या, मिरवणुकीचा मार्ग आणि घोषणा यांवरून दरवर्षी तणाव वाढत होता. गावाला दिसत होतं, पोलिसांनाही दिसत होतं.

मे १९८४ मध्ये पुन्हा तेच, याहून मोठं. भिवंडीतून दंगल ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत गेली. सगळीकडचे मिळून अडीचशेच्या वर बळी गेले. माग जळाले, कारखाने जळाले, घरं जळाली. सूत देणारे आणि सूत विणणारे दोघेही त्यात होरपळले.

मग धंद्याची साखळी कुठे कमी पडली? माझ्या मते कारण साधं आहे. ती साखळी पेढीवर होती, गल्लीत नव्हती. सुताचा व्यापारी आणि मागमालक यांचा रोजचा व्यवहार दिवसा, गादीवर, हिशेबाच्या वहीत. रात्री दोघेही आपापल्या मोहल्ल्यात. आणि दंगल सुरू होते ती मोहल्ल्याच्या तोंडावर, साडेदहा-अकराला, जिथे व्यापाऱ्याला ओळखणारं कुणी नसतं. पाळीवरचा कारागीर तर दोन वर्षांपूर्वी गावात आलेला. शेजारच्या गल्लीतल्या माणसाचं नावसुद्धा त्याला माहीत नसायचं. एकमेकांवर अवलंबून असणं आणि अडीनडीला एकमेकांपर्यंत पोचता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिवंडीत पहिली भरपूर होती.

खोपडेंचा हिशेब

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. पुढे त्यांनी या कामावर पुस्तकही लिहिलं. त्यांच्या आधीही गावात शांतता समिती होतीच, ती सगळ्याच गावांत असते. सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात बैठक, तेच पंधरा-वीस चेहरे, दोन्ही समाजांचे पुढारी, चहा, ‘आमच्या गावात गंगा-जमनी परंपरा आहे’ असं एक भाषण, फोटो, घरी. यातले काही पुढारी मिरवणुकीच्या दिवशी नेमके कुठे असतात हे सगळ्या हवालदारांना ठाऊक असे. ते बैठकीत बोललं मात्र जात नसे.

खोपडेंनी हा सगळा प्रकार उलटा केला. पुढारी बाजूला ठेवले. गावाचे मोहल्ले पाडले, सत्तरच्या आसपास कमिट्या केल्या आणि प्रत्येक कमिटीत दोन्ही समाजांची माणसं बरोबरीने असावीत असा आग्रह धरला. माणसं कुठली, तर मोहल्ल्यातलीच: दुकानदार, शिक्षक, मागमालक, कारागीर, गृहिणी. एकाच समाजाच्या वस्तीत शेजारच्या वस्तीतली माणसं जोडून घ्यायची. कमिटी चालवायची ती चौकीवरच्या, खालच्या फळीतल्या पोलिसाने. आणि बैठक सणासाठी थांबायची नाही, वर्षभर चालू ठेवायची.

वर्षभर बसून करायचं काय, हाच कळीचा प्रश्न होता. उत्तर होतं: बारीकसारीक भांडणं. नळावरची रांग, ओट्यावर येणारं गटाराचं पाणी, उधारी, मुलीची छेड, भोंग्याचा आवाज, मिरवणुकीत कुठल्या कोपऱ्यावर बँड थांबवायचा. वाचताना हे फारच किरकोळ वाटतं, पण अशा भांडणांचा एक साचा असतो आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. एका घराच्या मोरीचं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. पहिल्या दिवशी दोन बायकांची बाचाबाची होते. दुसऱ्या दिवशी नवरे उतरतात. तिसऱ्या दिवशी दोघांपैकी एकजण आपल्या ‘पोरांना’ सांगतो. आतापर्यंत भांडण मोरीचं असतं. चौथ्या दिवशी पोरं जमली की ते दोन समाजांचं होतं, आणि तिथून पुढे मोरीबद्दल कुणीच बोलत नाही. पूर्वी पोलिसाला खबर लागायची ती चौथ्या दिवशी, दगड पडल्यावर. कमिटीमुळे ती दुसऱ्या दिवशी लागू लागली, कारण त्या बायकांपैकी एकीची जाऊ किंवा शेजारीण कमिटीत बसत होती. मग हवालदार जाऊन नगरपालिकेच्या माणसाकडून मोरीचं तोंड वळवून आणे. विषय मिटला.

यात आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मला कमिट्यांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. हवालदाराची पत वाढत होती. मोहल्ल्यात पोलीस म्हणजे एरवी हप्ता, बंदोबस्त किंवा काठी. आता तोच माणूस ओट्यावर बसून दोघांचं ऐकून घेतोय, नावं लक्षात ठेवतोय. पोलिसांच्या बाजूनेही फरक पडतो: ज्या गल्लीतल्या वीस माणसांना नावाने हाक मारता येते, त्या गल्लीवर गोळीबाराचा हुकूम वेगळ्या मनाने ऐकला जातो. मादन आयोगाने ज्या पक्षपातावर बोट ठेवलं होतं, त्याला हे उत्तर होतं. तेही कुठलंही प्रशिक्षण शिबिर न भरवता.

परीक्षा

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तोवर खोपडेंची बदली झालेली होती. हा तपशील विसरता कामा नये. कमिट्या त्यांच्यामागे टिकल्या, नंतरच्या अधिकाऱ्यांनी त्या चालवल्या, म्हणून परीक्षा व्यक्तीची न होता रचनेची झाली. मुंबईच्या बातम्या तासातासाला येत होत्या, अफवा त्याहून वेगाने. पण अफवा आली की ती पडताळायला दोन्हीकडे ओळखीची माणसं होती. ‘अमक्या मोहल्ल्यात आपल्या माणसाला मारलं’ हे ऐकल्यावर त्या मोहल्ल्यातल्या कुणाला तरी विचारता येत होतं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवता येत होता. तलवार काढायच्या आत जी अर्ध्या तासाची उसंत लागते, ती गावाला मिळाली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींचा तौलनिक अभ्यास केला. ज्या शहरांत व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्ष, मंडळं यांतून हिंदू-मुसलमान एकत्र बसतात तिथे दंगल रुजत नाही, असा त्यांचा मुख्य निष्कर्ष. भिवंडी त्यात अपवाद म्हणून येते: आधीची अशी गुंफण नव्हती, ती पोलिसांनी पुढाकार घेऊन तयार केली.

आक्षेपही आहेत. एक म्हणजे १९८४ ची आठवण इतकी ताजी होती की मागमालकांना आणि व्यापाऱ्यांना पुन्हा दंगल परवडणारीच नव्हती. श्रेय कमिट्यांना का द्यायचं? मला हा आक्षेप अर्धवट वाटतो. १९७० ची आठवणही होतीच, ती १९८४ ला उपयोगी पडली नाही. आठवण माणसाला घाबरवते. घाबरलेला माणूस दार लावून घेईल किंवा हत्यार जमवेल, दोन्ही शक्य आहे. त्याने शेजाऱ्याला फोन करावा यासाठी आधी शेजाऱ्याचा नंबर लागतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पोलिसांनी उभी केलेली गोष्ट पोलिसांच्या मर्जीवर चालते. बदली झाली, नवा साहेब आला, त्याला बैठकांत रस नसला की सहा महिन्यांत रजिस्टर कपाटात जातं. हे पुढे खरं ठरलं.

मधल्या काळात भिवंडीची कल्पना मुंबईत गेली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मुंबईत मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेट सामने हा तिचा सगळ्यात ओळखीचा भाग. राज्यात इतर शहरांतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. खेडोपाडी २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तिच्यातही भांडण लहान असताना मिटवायचा विचार आहे. पण बहुतेक ठिकाणी नक्कल करताना नाव आणि यादी उचलली गेली, मोरीचं तोंड वळवायचं काम उचललं गेलं नाही. मोहल्ला कमिटीचं सदस्यत्व हा स्कूटरच्या पुढे लावायचा बिल्ला झाला. शांतता समिती नव्या नावाने परत आली, एवढंच.

गाव बदललं

१९८१ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती. २००१ मध्ये ती सहा लाखांच्या घरात गेली, २०११ मध्ये सात लाखांच्या पुढे. यात हद्दवाढीचा वाटा आहे, पण मुख्य वाटा येणाऱ्यांचा. डिसेंबर २००१ मध्ये भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका झाली. शांतीनगर, गैबीनगर, नागाव असे भाग एकावर एक मजले चढवत भरले. एखाद्या मोहल्ल्यातले सगळे घरमालक ओळखणारी पन्नास माणसं १९९० ला सापडत होती. वीस वर्षांनी त्याच जागी भाडेकरूंची तिसरी फळी राहत होती.

दंगलींनी आणखी एक काम केलं होतं. सरमिसळ वस्त्यांतली माणसं हळूहळू आपापल्या माणसांत सरकली. मुंबईपासून भिवंडीपर्यंत हे सगळीकडे झालं. त्यामुळे कमिटीत दोन्ही समाजांची माणसं बसवायची तर ती दोन वेगळ्या भागांतून आणावी लागतात. मोरीवरून भांडायला एकाच गल्लीत दोन समाज उरले नाहीत. वरवर पाहता भांडण कमी झालं. पण ओळख व्हायचं निमित्तही गेलं. भांडणातून का होईना, शेजाऱ्याचं नाव कळत होतं.

मग मागांचं काय झालं? २००७ च्या जानेवारीत वीज वितरण खाजगी कंपनीकडे गेलं. फ्रँचाइझीचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग. वीजचोरी आणि गळती आटोक्यात आली, पण बिलांवरून मागमालकांचा राग वर्षानुवर्षं धुमसत राहिला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली. आठवड्याची मजुरी रोखीने वाटणाऱ्या धंद्यात रोख नाहीशी झाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. चार नावांवर माग नोंदवलेल्या मालकाला आता बिल, परतावा, ऑनलाइन विवरण. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी धोटा नसलेले आधुनिक माग आणले. बाकीच्यांनी जुने माग किलोच्या भावाने भंगारात घातले. ज्या गल्लीत रात्री मागांच्या आवाजाशिवाय झोप येत नसे, तिथे पत्र्याचे गाळे भाड्याने द्यायच्या पाट्या लागल्या.

त्याच वेळी गावाबाहेर दुसरं गाव उभं राहिलं. माणकोली, दापोडा, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर: ही भाताची खाचरं होती. मुंबई-नाशिक महामार्ग दाराशी, जेएनपीटी बंदराचा रस्ता जवळ, आणि ग्रामपंचायत हद्द असल्याने महापालिकेची जकात नाही. म्हणून गोदामं आली. आधी रसायनांची आणि किराण्याची, मग ऑनलाइन खरेदीची. मुंबईतल्या माणसाने मोबाइलवर मागवलेली चप्पल आज बहुधा भिवंडीच्या कुठल्यातरी गोदामातून निघते. जमीन असलेल्या आगरी कुटुंबांकडे एका पिढीत पैसा आला, बंगले आले, गाड्या आल्या. जकात २०१७ ला गेली तरी गोदामं राहिली. तोवर रस्ते, हमाल, ट्रान्सपोर्टवाले, वजनकाटे, ढाबे सगळं तिथेच रुजलं होतं.

म्हणजे १९८८ च्या भिवंडीत ज्या साखळीत मोमीन, पद्मशाली, मारवाडी एकमेकांवर अवलंबून होते, ती साखळीच सैल झाली. नव्या धंद्यात मालक आगरी, भाडेकरू कुठली तरी मोठी कंपनी, माणसं पुरवणारा ठेकेदार, पेट्या उचलणारा आठ महिन्यांपूर्वी आलेला पोरगा. या चौघांची गाठ कधीच पडत नाही. पेढीवरची ओळख अपुरी होती असं मी वर म्हटलं; इथे तीही नाही.

२००६ आणि नंतर

जुलै २००६ मध्ये कोटरगेटजवळ मशिदीलगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. ५ जुलैला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबारात दोघे मेले. त्या रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ज्या गावाने पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला विश्वास देशाला दाखवला, त्या गावात हे झालं. इथे हिंदू-मुसलमान भांडण नव्हतं; तुटलं होतं ते दुसरंच टोक, मोहल्ला आणि चौकी यांच्यातलं. जागेचा वाद एका रात्रीत उद्भवत नाही. तो महिनोन्महिने ओट्यावर चघळला जातो. वर्षभर बसणारी कमिटी नेमकी अशाच वादासाठी होती. दुसऱ्या बाजूने हेही खरं की २००६ मध्ये त्याची परिणती धार्मिक दंगलीत झाली नाही. गावाने एवढं तरी राखलं होतं.

२०२० ने गाव पुन्हा तपासलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले, बिस्स्या बंद पडल्या आणि कारागिरांपुढे पहिला प्रश्न जेवणाचा उभा राहिला. महामार्गावरून माणसं चालत निघाली. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. पुढे रुग्णालयांत खाटा मिळेनात तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय केली गेली, कुठल्याही धर्माच्या रुग्णासाठी, मोफत. सप्टेंबरात पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसं दगावली. एकावर एक मजले चढवत भरलेल्या गावाचा तो हिशेब होता. सलोख्याच्या चर्चेत इमारती येत नाहीत, पण धोकादायक इमारतीची नोटीस चिकटल्यावर भाडेकरूने जायचं कुठे हा मोहल्ल्याचाच प्रश्न असतो.

सणांचं गणित तर दरवर्षी नव्याने मांडावं लागतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने ईदची सुट्टी २९ ला हलवली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, भिवंडीत वंजारपट्टी नाक्याजवळ विसर्जनाच्या मिरवणुकीत दगडफेक झाली, लाठीमार झाला, मध्यरात्र तणावात गेली. १९८४ सारखं काही झालं नाही. पण अफवेचा रस्ता आता बदललेला आहे. १९९२ ला अफवा नाक्यावर येई आणि नाक्यावरचा माणूस ती अडवू शकत असे. आता अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ गावाबाहेरून थेट खिशात येतो, आणि तो कुठला, कधीचा हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आता कमिटीत कोण बसेल?

१९८८ ची यादी आज तशीच करून भागणार नाही. तेव्हाचा वजनदार माणूस म्हणजे घर आणि माग दोन्ही मोहल्ल्यात असलेला मालक. आज तो ठाण्यात फ्लॅट घेऊन राहतो आणि गाळ्याचं भाडं वसूल करायला येतो. मोहल्ल्यात खरंच कोण आहे याची खबर बिस्सी चालवणाऱ्या बाईला असते: कोण नवीन आलं, कुणाचे पैसे अडलेत, कोण दोन दिवस जेवायला आला नाही. घरमालकापेक्षा खोल्या भाड्याने लावून देणाऱ्या दलालाला जास्त माणसं माहीत असतात. गोदामपट्ट्यात ती जागा ठेकेदाराच्या मुकादमाची आणि रात्रीच्या वॉचमनची. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन हाही आता नाक्यावरचाच माणूस. यांतले बरेच जण गावचे मतदार नाहीत, म्हणून पुढाऱ्यांना नकोत. खोपडेंच्या निकषाने पाहिलं तर ती त्यांची पात्रताच आहे.

प्रशासनाची एक अडचण मात्र कुठल्याही यादीने सुटणारी नाही. शहर आणि लगतचा गोदामपट्टा ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतो: निजामपुरा, शांतीनगर, भोईवाडा, नारपोली, कोनगाव ही ठाणी तिकडची. पुढची पडघा आणि गणेशपुरी ही ठाणी ठाणे ग्रामीणकडे. गोदामं आणि त्यांत काम करणारी माणसं ही रेघ ओलांडून पसरली आहेत. एखादा पोरगा शांतीनगरला राहतो, कामाला पडघ्याकडे जातो, आणि त्याचं ठेकेदाराशी मजुरीवरून भांडण झालं तर त्याच्या खोलीवर जमलेली पोरं एका पोलिसांच्या हद्दीत आणि भांडणाची जागा दुसऱ्यांच्या. चौथ्या दिवसाच्या आत दोन्हीकडच्या हवालदारांनी एकमेकांना फोन करावा अशी व्यवस्था करायला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. दोन अधीक्षक पातळीच्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एका टेबलावर बसून मजुरी, भाडं आणि धोकादायक इमारती या तीन विषयांच्या तक्रारी वाचल्या तरी सुरुवात होईल. मेट्रो पाचचं काम ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गावर चालू आहे. ती धावू लागली की ठाण्यात परवडत नाही म्हणून आणखी एक लोंढा अंजूर फाट्यावर उतरणार, आणि त्या माणसांची नावं लिहायला तेव्हा कुठलं रजिस्टर उघडायचं हे आत्ताच ठरवता येण्यासारखं आहे.